काट्याला हात लावायचा नाही

सर्जेराव खिरीड कमोडवर बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

दुखत काही नव्हतं. दुखलं असतं तर निदान कुठेतरी हात ठेवून कण्हता आलं असतं. गुडघे जागेवर, कंबर जागेवर, डोकं तर इतकं जागेवर की समोरच्या भिंतीवरच्या फरश्या चार वेळा मोजून झाल्या होत्या. एका ओळीत अकरा. फक्त उठायचं म्हटलं की मांड्यांकडून उत्तर येत नव्हतं. दारात उभं राहून हाका माराव्यात आणि आत कोणीच राहत नसावं, तसं.

बाहेर बायडाबाई बादल्या आपटत होती. आश्रमाच्या वरच्या मजल्यावर चौदा म्हातारे, आणि त्यांचं सकाळचं सगळं तीच बघायची.

"अप्पा, झालं का?"

"झालं मघाच."

"मग या की भाईर."

"येतो."

पाच मिनिटं गेली. सर्जेरावांनी भिंतीला तळवे टेकले, दात आवळले, आणि चार बोटं वर जाऊन पुन्हा खाली आदळले.

"अप्पा, दार ढकलते हां," बायडाबाई म्हणाली आणि आलीच. आतून कडी लावायला आश्रमात मनाई होती. तिनं त्यांच्या बगलांत हात घातले आणि एका दमात उभं केलं. ट्रकमधून पोतं पाठीवर घेतात तसं. सर्जेरावांनी अशी लाखो पोती उचललेली पाहिली होती. पोत्याच्या जागेवरून हे काम कसं दिसतं ते त्यांना या महिन्यात कळत होतं.

"लिवावं लागंल बघा," बायडाबाई त्यांच्या पायजम्याची नाडी बांधत म्हणाली.

"एवढ्याशानं काय लिहायचं?"

"हापिसातल्या ताईंची आर्डर हाय. कुनाला उचलावं लागलं की वहीत लिवायचं. तुमचं हे दुसरं. मागल्या बुधवारी खुर्चीतनं काढलं, ते पयलं."

"खुर्ची खोल होती."

"आन् आज?" बायडाबाईनं कमोडकडे पाहिलं. "ह्योबी खोल हाय व्हय?"

एका महिन्यात तीन नोंदी झाल्या की माणसाला खाली हलवायचं, हा आश्रमाचा नियम. खाली म्हणजे तळमजल्यावरचं दालन. सोळा खाटा, खाटांना कठडे, दिवसभर चालू असलेला आणि कोणी न बघणारा टीव्ही. कमोडपर्यंत जायची गरजच उरू नये अशी तिथली सोय. खाली गेलेला माणूस पुन्हा वर राहायला आलेला सर्जेरावांनी चार वर्षांत पाहिला नव्हता.

"वर जातात की," त्यांचे खोलीतले सोबती शमशुद्दीन म्हणायचे. "पण या मजल्यावर थांबत नाहीत."

आश्रम होता कर्वेनगरात. कर्वेनगर नव्हतं आणि नुसतं हिंगणं होतं, तेव्हा सर्जेराव तिथेच वाढले. जिथे आता आश्रमाची लिफ्ट होती, तिथे त्यांच्या चुलत्याचा हरभरा असायचा. भावकीतल्या लोकांनी जमिनी विकल्या, बिल्डर झाले किंवा बिल्डरांचे मेहुणे झाले. सर्जेराव मात्र तरुणपणीच तोलणार झाले. आधी पेठेतल्या जुन्या बाजारात आणि मग बाजार हलला तेव्हा गुलटेकडीला मार्केट यार्डात. पहाटे सायकलवरून निघायचं आणि दुपारपर्यंत काट्यासमोर उभं राहायचं. शेतकऱ्याचा माल, व्यापाऱ्याचा पैसा, आणि मधे तोलणाऱ्याचा आवाज. वजन ओरडून सांगायचं, म्हणजे दोघांनाही एकाच वेळी ऐकू जाईल. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं पारड्यात चढवायची, उतरवायची. त्यांच्या मांड्या तेव्हा अशा होत्या की मुक्ताबाई, त्यांची बायको, पायजम्याचं माप देताना शिंप्यासमोर लाजायची.

तोलणाऱ्याचे दोन नियम. सर्जेरावांना ते शिकवले होते सोनबा नावाच्या म्हाताऱ्या तोलणाऱ्यानं, आणि त्यांनी ते अडतीस वर्षं पाळले. पहिला, काटा स्थिर होईपर्यंत काट्याला कोणी हात लावायचा नाही. दुसरा, तोलणाऱ्यानं माल बघायचा नाही, काटा बघायचा. चांगला-वाईट ठरवणारे दुसरे आहेत, तू वजन सांग.

पहिला नियम बरोबर होता. दुसऱ्यानं घात केला.

आश्रमात दर महिन्याच्या एक तारखेला वजनं व्हायची, आणि हा सर्जेरावांचा सणाचा दिवस होता. चप्पल काढा, खिशातला चष्मा काढा, हलू नका. व्यवस्थापिका मंदाकिनीताई कार्डं घेऊन बाजूला बसायच्या आणि सर्जेराव एकेकाला काट्यावर उभं करून बाजारातल्या आवाजात पुकारायचे, "सत्तावन्न दोनशे!" स्वतःचं वजन सगळ्यात शेवटी. आले तेव्हा चौसष्ट किलो, आज चार वर्षांनीही चौसष्ट. मंदाकिनीताई कार्डावर लिहायच्या, 'प्रकृती स्थिर'. सर्जेराव मान हलवायचे. काटा म्हणतोय म्हणजे असणारच.

शमशुद्दीनचं मात्र दर वेळी शे-दोनशे ग्रॅम कमी. ते गंज पेठेतले पिंजारी, जन्मभर गाद्या भरल्या. वय एक्क्याऐंशी, वजन सत्तेचाळीस. त्यांना पाहून सगळे हळहळायचे. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी चिठ्ठी दिली होती, रोज दोन उकडलेली अंडी. आश्रमाचं स्वयंपाकघर शाकाहारी, म्हणून बायडाबाई मागच्या गॅलरीत वेगळ्या शेगडीवर ती उकडायची.

गुरुवारी डॉक्टर आले तेव्हा सर्जेरावांनी त्यांना गाठलं.

"डॉक्टर, मला उठता येत नाही."

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. "चौसष्ट! अहो, या वयात हे वजन टिकवायला लोक धडपडतात. वय किती तुमचं?"

"एकोणऐंशी."

"मग?"

त्या एका 'मग'वर डॉक्टर पुढच्या खोलीत गेले. सर्जेराव संध्याकाळपर्यंत तो चघळत बसले. शमशुद्दीनचं वय एक्क्याऐंशी, ते कसे उठतात, असं विचारायला हवं होतं. पण नेमकं उत्तर वेळेवर सुचणं हेही कुठल्यातरी स्नायूचंच काम असावं.

शुक्रवारी बायडाबाई त्यांना आंघोळ घालत होती. म्हणजे ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते आणि ती पाणी ओतत होती. घसराल, पडाल म्हणून तांब्यासुद्धा हातात द्यायचा नाही असं ताईंनी बजावलं होतं. साबण लावायचा म्हणून सर्जेरावांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवला, आणि हात थांबला. मांडी जाड होती, पण बोटं आत रुतत होती. रुतून जिथे काहीतरी घट्ट लागायला हवं तिथे काही लागत नव्हतं, थेट हाडापर्यंत.

त्या हातानं ही गोष्ट ओळखली. सर्जेरावांना कळायच्या आधी हातानं ओळखली.

मिरचीच्या गाळ्यात एकदा सोजरबाई म्हणून एक बाई आली होती. घरी मसाले करून विकायची. तिनं दोन पोती लाल मिरची घेतली, सर्जेरावांनी तोलली. पोत्याला हात लावतानाच त्यांना माल ओलसर लागला होता. कोणीतरी पाणी मारून वजन भरलं होतं. पण काटा बरोबर होता आणि दुसरा नियम पाठ होता. त्यांनी वजन पुकारलं. आठ दिवसांनी बाई बुरशी आलेल्या मिरच्या पदरात घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ओतल्या.

"वजन बरोबर होतं का न्हाई?" तिनं विचारलं.

"बरोबर होतं."

"मग मिरची कुठं गेली?"

"मी वजन सांगितलं बाई, माल नाही," सर्जेराव म्हणाले होते. तेव्हा त्यांना स्वतःचा अभिमान वाटला होता.

आता ते स्टुलावर ओल्या अंगानं बसून राहिले. चौसष्ट किलो. दर महिन्याला चौसष्ट. आतला माल कधीच गेला होता, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी भरलं होतं. आणि ते स्वतः दर एक तारखेला काट्यावर उभं राहून ओरडून सांगत होते की सगळं बरोबर आहे.

"अप्पा, थंडी वाजती का?" बायडाबाईनं विचारलं.

"राग येतोय."

"कुनाचा?"

त्यांना ठरवता येईना. चार वर्षांत त्यांनी स्टीलच्या वाटीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. पाणी मागितलं की पेला हातात, चहा-नाश्ता पलंगावर, एका मजल्याला लिफ्ट. नुसती हालचाल केली तरी मंदाकिनीताई लांबून ओरडायच्या, "अहो अप्पा, उठू नका, मी आहे ना!" आणि जेवण! भोजनगृहाच्या दारावर फळा होता. 'आजचे भोजन अमुक यांच्या स्मरणार्थ.' सोमवारी कोणाच्या आईची पुण्यतिथी म्हणून श्रीखंड, बुधवारी कोणाच्या वडिलांची म्हणून गुलाबजाम, मधल्या वारी उपास, म्हणून साबुदाणा. वरण असायचं, पण त्यातली डाळ शोधायला लागायची. कोथरूड-कर्वेनगरातली चांगली माणसं आपापल्या मेलेल्यांची आठवण जिवंत म्हाताऱ्यांच्या पोटात साखर घालून जपत होती, आणि वर फोटो काढून घेत होती. राग धरायचा तर कोणावर? सगळे इतके चांगले होते की शिवी हासडायला एक माणूस सापडत नव्हता.

त्या दुपारी शमशुद्दीन नमाज पढत होते. खाली वाकले, बसले, कपाळ टेकलं, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. पुन्हा खाली, पुन्हा उभे. चार वर्षं हे समोर चाललं होतं आणि सर्जेरावांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"शमशूभाई, तुम्ही उठता कसे हो?"

"कसे म्हणजे? वरचा बोलावतो, मी उठतो."

"थट्टा नको. जमिनीवरून उठता. दिवसातून पाच वेळा."

"एका वेळेला एकदाच नाही अप्पा, बऱ्याचदा." शमशुद्दीननी चटई गुंडाळली. "ताईंनी मला खुर्ची आणून दिली होती. म्हणाल्या, चाचा, बसून पढा, पडाल. ती बघा." कोपऱ्यात खुर्ची होती, तिच्या पाठीवर त्यांचा रुमाल वाळत होता.

"मला शिकवा."

"नमाज?"

"उठायला!"

खुर्ची भिंतीला लावली. हात छातीवर बांधून सर्जेरावांनी उठायचा प्रयत्न केला. काही झालं नाही. पुन्हा केला. तोंडातून आवाज आला, बाकी जागच्या जागी. शमशुद्दीननी त्यांच्याकडे गादीचं माप घेतात तसं पाहिलं. मग दोन उश्या आणि एक चौघडी केलेली गोधडी खुर्चीवर रचली, हातानं दाबून बैठक उंच केली.

"आता बसा. हां. आता उठा."

सर्जेराव उठले. पाय लटलटत होते, पण ते उठले होते.

"बरकत," शमशुद्दीन म्हणाले.

"काय बरकत? लाभ म्हणा."

धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. सर्जेरावांच्या बाजारात 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. शमशुद्दीनच्या घरी कापूस मोजताना 'बरकत' म्हणायचे.

"उठवतोय मी, मोजणारही मी," शमशुद्दीन म्हणाले.

"मांड्या माझ्या आहेत."

"तीच तर अडचण आहे."

दिवसातून तीन वेळा हे चालू झालं. चौथ्या दिवशी एक उशी काढली. अंड्यांचंही विचारून झालं. चिठ्ठी वजन घटलेल्यांनाच मिळते, असं मंदाकिनीताईंनी गोड आवाजात सांगितलं आणि वर एक पेढा दिला. पेढा सर्जेरावांनी खिडकीतल्या कावळ्याला दिला. त्या दिवसापासून त्यांनी गोड सोडलं. वाढणाऱ्या बाईला ते म्हणायचे, "पाणी तुला ठेव, पळी तळाशी घाल." पंगतीतले बाकीचे म्हातारे वैतागले, कारण तळाची डाळ एकट्यालाच जायला लागली.

पुढच्या शनिवारी घात झाला. भोजनगृहात जेवण झाल्यावर सर्जेराव टेबलाला हात न लावता उठायला लागले. अर्ध्यावर आले, थरथरत होते, पण वर जात होते. तेवढ्यात मंदाकिनीताई धावत आल्या आणि त्यांनी दोन्ही दंड धरून त्यांना उभं केलं.

"मी उठत होतो!"

"हो अप्पा, पण मी उचललं ना."

"का उचललं?"

"अहो, पडला असतात!"

आणि त्या बाईनं, तोंडावर खरोखरचं दुःख घेऊन, वहीत तिसरी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी रविवार, मुक्ताबाईंची पुण्यतिथी. फळ्यावर त्यांचं नाव लागलं होतं आणि भोजनगृहातून जिलबीचा वास येत होता. मुलगा जयसिंग कोथरूडहून आला, सोबत नवी कोरी चाकांची खुर्ची घेऊन. हँडलवर प्लास्टिक तसंच होतं.

"अप्पा, बसा तर. बघा गादी कशी आहे."

"कशाला?"

"ताई म्हणाल्या, खाली शिफ्ट करायचंय. तिथे बरी पडेल." जयसिंगनं खुर्चीच्या गादीवर हात फिरवला. "आयुष्यभर उभे राहिलात तुम्ही. आता काहीच करायचं नाही."

"काहीच केलं नाही म्हणून तर ही पाळी आली!" सर्जेराव असे ओरडले की जिन्यावरून बायडाबाई वर आली. "चार वर्षं तुम्ही सगळ्यांनी मिळून मला काही करू दिलं नाही. मारायचं असतं तर एकदम मारलं असतंत, श्रीखंड घालून घालून कशाला?"

"अहो अप्पा, शांत व्हा," मंदाकिनीताई म्हणाल्या. "नियम आहे. तीन नोंदी झाल्या."

"तिसरी तुमची आहे, माझी नाही. तुम्ही काट्याला हात लावलात."

"कुठल्या काट्याला?"

"मला खुर्चीत बसवा. हात बांधून पाच वेळा उठतो. उठलो तर वर, नाही उठलो तर जयसिंगच्या या चाकांच्या खुर्चीत बसून खाली. पण काटा स्थिर होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

मंदाकिनीताईंनी जयसिंगकडे पाहिलं. जयसिंगनं खुर्चीच्या हँडलवरचं प्लास्टिक सोलत मान हलवली.

शमशुद्दीननी साधी खुर्ची भिंतीला लावली. अजून एक उशी खरं तर लागत होती, पण सर्जेरावांनी ती काढून पलंगावर फेकली.

"लाभ," शमशुद्दीन म्हणाले. आज त्यांनी वाद घातला नाही.

लाभ झालं. दोन झालं. तिसऱ्याला मांड्या पेटल्यासारख्या झाल्या. चौथ्याला ते अर्ध्यावर अडकले आणि मंदाकिनीताईंचा हात आपोआप पुढे आला.

"हात मागे!" बाजारातला आवाज. हात मागे गेला. सर्जेराव अधांतरी थरथरत राहिले आणि मग खाली बसले.

"तीन," सर्जेराव स्वतःच म्हणाले. तोलणारा खोटं पुकारत नाही.

जयसिंग पुढे आला, पण त्यानं चाकांची खुर्ची मागे सारली. "ताई," तो म्हणाला, "मला वाटलं होतं एकदाही नाही उठणार."

मंदाकिनीताई मघाशी पुढे आलेल्या आपल्या हाताकडे बघत होत्या. "एक तारखेपर्यंत," त्या म्हणाल्या. "एक तारखेला पाच व्हायला हवेत. तोवर मी नाही उचलणार. पण पडलात तर मला विचारू नका."

"पडलो तर विचारायला राहणार नाही."

खाली जिलबीची पंगत बसली होती. सर्जेरावांनी बायकोच्या पुण्यतिथीची जिलबी खाल्ली नाही, मठ्ठा मात्र तीन वाट्या प्यायले.

एक तारीख यायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत ते लिफ्टनं गेले नाहीत. कठडा धरून बावीस पायऱ्या, मागे बायडाबाई, "देवा, देवा" करत. दोनदा पायरीवर बसून राहावं लागलं, दोन्ही वेळा तिनं फक्त बघितलं आणि तोंडानं बोलून घेतलं. "माझी नोकरी घालवताय अप्पा." जयसिंग दर रविवारी यायचा, आता भाजलेले फुटाणे आणायचा आणि बापाला ते चावता येत नाहीत म्हणून त्यांचं पीठ करून आणायचा. खुर्चीवरची गोधडी गेली, मग पुन्हा ठेवलेली दुसरी उशीही गेली.

एक तारखेला सगळे काट्याभोवती जमले. सर्जेरावांनी आज पुकारा करायला नकार दिला आणि खुर्ची मागवली. शमशुद्दीननी मोजलं. पाचव्याला त्यांचा चेहरा असा झाला की एक म्हातारी उठून बाहेर गेली. पाय थरथरले, मान ताठली, घशातून ओझं घेतल्यासारखा आवाज आला. मंदाकिनीताईंनी स्वतःचे हात स्वतःच्या पाठीमागे घट्ट धरले होते. आणि सर्जेराव उभे होते.

"पाच," शमशुद्दीन म्हणाले.

मंदाकिनीताईंनी डोळे पुसले, वहीतलं पान उलटलं, आणि सवयीनं म्हणाल्या, "चला, आता वजन."

सर्जेराव काट्यावर उभे राहिले. ताईंनी वाकून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अप्पा! बासष्ट! दोन किलो उतरलं!" त्या पेन शोधू लागल्या. "तरी मी सांगत होते, दगदग नको. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता कळवते. पूर्ण विश्रांती. आणि रोज दोन अंडी."

सर्जेराव तोंड उघडून काहीतरी बोलणार होते. शमशुद्दीननी त्यांच्या पायावर पाय दिला.

ते काट्यावरून स्वतः उतरले, कोणाचा हात न धरता, आणि गॅलरीच्या दाराकडे तोंड करून बाजारातल्या आवाजात ओरडले, "बायडाबाई! उद्यापासून चार टाक!"